सल्लागार मिनू मसानी

मुंबई-बंगळूर महामार्गाखालच्या भुयारी मार्गातली कोंडी पार करून पुनावळ्यात शिरलं, की दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या. टू बीएचके तयार ताबा. जेसीबी भाड्याने मिळेल. पीजी फक्त मुलींसाठी. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत विजेच्या खांबावर तारेने बांधलेल्या छोट्या पाट्या: एनए, मोजणी, सातबारा दुरुस्ती, फायर एनओसी, फॅक्टरी लायसन्स, सर्व शासकीय कामे. खाली मोबाइल नंबर. नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण ज्याला काम आहे त्याला नाव आधीच कोणीतरी सांगितलेलं असतं. वरच्या बाजूला, बारा-पंधरा फुटी फ्लेक्सवर, हात जोडून उभे असलेले माजी नगरसेवक.

या भागात 'माजी' या पदाला अलीकडे बरकत आली. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले आणि सगळे नगरसेवक एका रात्रीत माजी झाले. त्याआधी १९९७ साली पुनावळ्यासारखी गावं महापालिकेत आली तेव्हा सरपंच माजी झाले होते. पद गेलं तरी माणसाची माहिती जात नाही. कुठली फाइल कुठल्या टेबलावर अडते, कोणाशी कुठल्या शब्दांत बोलायचं, कुठला अर्ज दोन प्रतींत द्यायचा, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे गिऱ्हाईक येणारच. चाकणला एक साधी शेड टाकायची तर भूखंड एमआयडीसीचा, बांधकामाचा नकाशा मंजूर हवा, अग्निशमनचा ना-हरकत दाखला हवा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी उभारणीची आणि मग चालवण्याची अशी दोन वेळा संमती हवी, औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा परवाना हवा, महावितरणकडून भार मंजूर हवा. सरकारने 'मैत्री' नावाची एक खिडकी काढली आहे. खिडकीपर्यंत कोणी न्यायचं हा प्रश्न राहतोच.

राजकारणातून बाहेर पडून उद्योगांचा सल्लागार होणं, उद्योगांची बाजू मांडणं, हा व्यवसाय आपल्याकडे असा पाठच्या दाराने रुळला. म्हणून त्याच व्यवसायात पुढच्या दाराने शिरलेला, नावाची पाटी लावून, आपण कोणाच्या बाजूने बोलतो हे सांगून बोलणारा एक माणूस मला फार दिवसांपासून खुणावतो. तो मुंबईचा. मिनोचर रुस्तम मसानी. काँग्रेस समाजवादी पक्षाचा एक संस्थापक, मुंबईचा महापौर, संविधान सभेचा सदस्य, राजदूत, तीनदा लोकसभेत निवडून आलेला खासदार, आणि या सगळ्याच्या आगेमागे टाटांचा अधिकारी व व्यवस्थापन सल्लागार. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याशी त्यांचा थेट संबंध शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. पण हा पट्टा ज्या काळात उभा राहिला त्या काळावर संसदेत सर्वांत नेमकी टीका त्यांनी केली, आणि त्यांच्या विचारांचा शेवटचा मोठा वारस चाकणपासून हाकेच्या अंतरावर, आंबेठाणला राहत होता. एवढं मला पुरेसं आहे.

मसानींचा जन्म २० नोव्हेंबर १९०५चा. वडील सर रुस्तम मसानी मुंबई महापालिकेचे आयुक्त होते, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुलगा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्कींच्या हाताखाली शिकला, बॅरिस्टर होऊन परतला आणि वकिलीत रमण्याऐवजी तुरुंगात गेला. नाशिक रोडच्या कारागृहात १९३२-३३च्या सुमारास जी मंडळी एकत्र आली त्यांची नावं मराठी वाचकाला पाठ आहेत: जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे, अशोक मेहता. मसानी त्यांच्यातले. काँग्रेसमध्ये राहून काँग्रेसला समाजवादाकडे ओढायचं, हा बेत तिथे शिजला आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. जयप्रकाश सरचिटणीस, मसानी सहचिटणीस.

पाचच वर्षांत, १९३९ मध्ये, मसानी त्या पक्षातून बाहेर पडले. ते रशिया पाहून आले होते, एकदा १९२७ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये. त्यानंतर स्टालिनने आपल्याच सहकाऱ्यांवर भरवलेले मॉस्कोचे खटले झाले. इकडे साम्यवाद्यांना पक्षात घेण्याचा प्रयोग चालू होता आणि ते आतून पक्ष पोखरत आहेत हे मसानींना दिसत होतं. बाकीच्यांना ते दिसायला थोडा वेळ लागला. मसानींचा स्वभावच असा, की एकदा पटलं की लगेच दार उघडून बाहेर. या गुणाने त्यांना आयुष्यभर एकटं पाडलं. १९४४ मध्ये त्यांनी 'सोशॅलिझम रिकन्सिडर्ड' नावाची पुस्तिका लिहिली, आपण काय मानत होतो आणि आता का मानत नाही याचा हिशेब म्हणून. पक्ष बदलणारे आपण रोज पाहतो. बदलाचं कारण छापून विकणारे किती?

१९४१ मध्ये ते टाटांकडे गेले. जे. आर. डी. टाटांच्या जवळचे अधिकारी म्हणून बॉम्बे हाउसमध्ये बसू लागले. समाजवादी कार्यकर्ता भांडवलदाराच्या कचेरीत गेला, असं त्यांच्या जुन्या सोबत्यांना वाटलं असणार, आणि ते चुकीचंही नव्हतं. पण त्या आधीच्या वर्षी त्यांनी 'अवर इंडिया' हे पुस्तक लिहिलं होतं. मुलांसाठी, चित्रांसह, आपला देश काय पिकवतो, काय खातो, कोळसा किती, पोलाद किती, माणसागणिक कापड किती, असं सांगणारं. अर्थशास्त्र हे शाळकरी मुलाला कळेल असं मांडता येतं, हे त्यांनी दाखवलं आणि पुस्तक प्रचंड खपलं. टाटांकडे ते गेले ते ही हातोटी घेऊन. १९४४ मध्ये टाटा, बिर्ला आदी आठ जणांनी 'बॉम्बे प्लॅन' प्रसिद्ध केला तेव्हा तो सामान्य वाचकाला समजावून सांगणारं 'पिक्चर ऑफ अ प्लॅन' मसानींनीच लिहिलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण मसानींच्या गोष्टीतली खरी मेख इथे आहे. बॉम्बे प्लॅन हा उद्योगपतींनी केलेला आराखडा होता, आणि त्यात सरकारला मोठं स्थान होतं. अवजड उद्योगांत सरकारने पैसा घालावा, परदेशी स्पर्धेपासून संरक्षण द्यावं, नियंत्रणं ठेवावीत. उद्योगपतींना सरकार नको होतं हा समजच मुळात कच्चा. त्यांना आपल्या सोयीचं सरकार हवं होतं. आराखड्याच्या आठ कर्त्यांपैकी ए. डी. श्रॉफ यांना पुढे हे खटकू लागलं आणि १९५६ मध्ये त्यांनी 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' काढला. त्याच फोरमची धुरा पुढे नानी पालखीवालांकडे आली. त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं, हे त्या पिढीतले लोक अजून सांगतात. श्रॉफ, मसानी, पालखीवाला हे एका बाजूला. आणि ज्यांच्यासाठी ते बोलत होते असं जगाला वाटत होतं, ते बहुतेक कारखानदार मात्र दिल्लीत, उद्योग भवनाच्या व्हरांड्यात.

मसानी १९४३ मध्ये मुंबईचे महापौर झाले. संविधान सभेत त्यांनी हंसाबेन मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांच्यासोबत समान नागरी कायद्याच्या बाजूने वेगळं मत नोंदवलं. १९४८-४९ मध्ये ब्राझीलला राजदूत होते. हे सारं मी भराभर सांगतो आहे, कारण त्यांचं खरं काम १९५७ नंतरचं. त्या वर्षी ते रांचीतून, जयपालसिंगांच्या झारखंड पक्षाच्या पाठिंब्यावर, अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. मुंबईचा पारशी बॅरिस्टर छोटा नागपूरच्या आदिवासींचा खासदार! टीका करणाऱ्यांना टाटांचं जमशेदपूर नकाशावर लगेच दिसलं.

१९५९ च्या जानेवारीत काँग्रेसने नागपूरच्या अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव केला. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून कसायच्या, मालकी कागदावर राहील, असा त्याचा मथितार्थ. सी. राजगोपालाचारी, प्रा. एन. जी. रंगा, मसानी आदींनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. 'परमिट-लायसन्स राज' हा शब्द राजाजींचा. मसानी पक्षाचे सरचिटणीस, म्हणजे सगळी यंत्रणा त्यांच्याकडे: कचेरी, पैसे, उमेदवार, पत्रकं.

आता पैशांचं बघू. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टीलने आपल्या घटनापत्रात बदल करून राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभा मागितली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागलांनी कायद्याच्या चौकटीत परवानगी तर दिली, पण निकालपत्रात इशाराही लिहिला: कंपन्यांचा पैसा राजकारणात येणं हा लोकशाहीला धोका आहे, संसदेने याचा विचार करावा. संसदेने विचार केला तो देणग्यांवर मर्यादा घालण्यापुरता आणि हिशेबात दाखवण्याची सक्ती करण्यापुरता. १९६१ मध्ये जे. आर. डीं.नी नेहरूंना पत्र लिहून सरळ कळवलं, की आम्ही काँग्रेसला देणगी देतोच, पण देशात एक जबाबदार विरोधी पक्ष असावा म्हणून स्वतंत्र पक्षालाही देणार आहोत. नेहरूंनी उत्तर दिलं, तुम्ही खुशाल द्या, पण हा पक्ष मोठा होईल ही तुमची आशा मला खरी वाटत नाही.

या पत्रव्यवहाराचा मला हेवा वाटतो. देणारा घेणाऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याला देतो आणि आधी सांगून देतो. घेणारा चिडत नाही, नुसती नापसंती कळवतो. आणि तरी गंमत अशी, की टाटा त्या काळात अपवाद होते. ज्या कारखानदारांना स्वतंत्र पक्षाचं धोरण मनापासून पटत होतं त्यांच्यातले बहुतेक जण धनादेश काँग्रेसच्या नावे लिहीत होते. लायसन्स काँग्रेसचं सरकार देणार, मसानी नव्हे. वकिलाची पंचाईत अशी की अशिलालाच खटला जिंकायचा नव्हता. त्याला न्यायाधीशाच्या घरी जाण्याची वाट माहीत होती.

ती वाट आपल्या पट्ट्यातून कशी जात होती ते पाहण्यासारखं आहे. १९५१चा उद्योग विकास व नियमन कायदा असा होता, की कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, नवी वस्तू बनवायला परवाना, आणि मंजूर आकड्यापेक्षा जास्त माल काढला तर गुन्हा. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनायच्या आणि लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. मुलीच्या जन्माला नाव नोंदवा, लग्नाला गाडी मिळेल, असा विनोद पुण्यात चालायचा. मागणी एवढी की नवी स्कूटर शोरूममधून बाहेर काढली की तिची किंमत वाढायची. राहुल बजाज सांगायचे, की लोकांना हवी ती वस्तू जास्त बनवली म्हणून तुरुंगात जायची वेळ आली तर जाईन. मसानींच्या भाषणांतल्या सगळ्या मुद्द्यांचं याहून चांगलं उदाहरण दुसरं नाही. आणि याच राहुल बजाजांभोवती १९९३ मध्ये 'बॉम्बे क्लब' जमला, परदेशी कंपन्या येतायत तर आधी आम्हाला बरोबरीची संधी द्या, थोडं संरक्षण द्या, असं म्हणत. परवाना नको होता तो आपल्याला अडवणारा. शेजाऱ्याला अडवणारा असेल तर विचार करता येईल. बजाज निदान हे उघड बोलायचे, आणि २०१९ मध्ये भर सभेत गृहमंत्र्यांसमोर उद्योगपतींच्या भीतीविषयी बोललेही. बाकीच्यांचे सल्लागार होते.

उद्योगाची बाजू आणि बाजाराची बाजू या दोन निराळ्या बाजू आहेत. मसानी दुसरीचे वकील होते आणि लोक त्यांना पहिलीचे समजत राहिले. टाटांचा माणूस हा शिक्का कधी पुसला नाही. त्यांनी टाटांची नोकरी लपवली नाही, त्यामुळे शिक्का मारणं सोपंही झालं. ज्यांनी काहीच सांगितलं नाही त्यांच्यावर मारायला शिक्काच नव्हता.

मसानींची बाजू घेताना दुसऱ्या बाजूचंही एक सांगितलं पाहिजे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना सरकारने १९५४ मध्ये काढला, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. पेनिसिलिन देशात बनू लागलं. नवं शहर वसण्याआधी पिंपरीची ओळख एचए हीच होती. खासगी उद्योग त्या वेळी हे करायला पुढे आले नसते. पुढे त्या कारखान्याचे जे हाल झाले, पगार थकले, ते मसानींनी वर्तवल्यासारखेच झाले. पण सुरुवातीचं श्रेय त्यांच्या हिशेबात बसत नाही. त्यांच्या मांडणीत सरकारचं पहिलं पाऊल कुठेच नसे, शेवटचंच दिसे.

महाराष्ट्रात स्वतंत्र पक्ष रुजला नाही याचं कारणही इथेच सापडतं. यशवंतराव चव्हाणांनी जी घडी बसवली तिच्यात १९६२ मध्ये एकाच वर्षी जिल्हा परिषदा आल्या आणि एमआयडीसी आली. ग्रामीण पुढाऱ्याला साखर कारखाना आणि बँक, शहरी उद्योजकाला पाणी-वीज-रस्त्यासह तयार भूखंड. नागपूर ठरावातली सामुदायिक शेती इथे कोणी गंभीरपणे आणलीच नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध पेटायला माणसं नव्हती. उद्योजक आणि शेतकरी दोघांनाही काँग्रेसच्याच मांडवात जागा होती. पुण्यात १९३४ पासून ए. आर. भटांनी उभारलेलं मराठा चेंबर उद्योजकांचं म्हणणं सरकारदरबारी नेत होतं, आणि सरकार ऐकतही होतं. मग वेगळ्या पक्षाची गरज कोणाला? १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नवी नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगरांसारख्या काँग्रेस पुढाऱ्याच्या पुढाकाराने झाली. कारखान्यांच्या कराच्या उत्पन्नावर पुढे ती श्रीमंत महापालिका झाली.

मसानी मात्र महाराष्ट्राबाहेरून निवडून येत राहिले. १९६३ च्या मे महिन्यात राजकोटची पोटनिवडणूक जिंकली, त्याच फेरीत कृपलानी अमरोह्यातून आणि लोहिया फर्रुखाबादहून आले. तिघे विरोधक, तीन टोकांचे. त्याच ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरूंच्या सरकारवर पहिला अविश्वास ठराव मांडला. १९६७ मध्ये स्वतंत्र पक्ष ४४ जागा घेऊन लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला, आणि सरकारचा जमाखर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद प्रथमच विरोधकाकडे गेलं. ते मसानींकडे. तेव्हापासून ते पद विरोधी बाकांकडे असतं. एका उद्योग-पुरस्कर्त्याच्या हाती सरकारच्या वह्या गेल्या, आणि त्यातून टिकाऊ असं काही राहिलं असेल तर तो हा पायंडा.

१९६९ मध्ये इंदिराबाईंच्या सरकारने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदीच घातली. ऐकायला हे स्वच्छ वाटतं. घडलं असं, की धनादेश थांबले आणि पेट्या सुरू झाल्या. सत्तेतल्या पक्षाला पेटी मिळते, विरोधकाला फारशी नाही. १९७१ च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाला ८ जागा मिळाल्या, मसानी राजकोटला पडले, आणि तोवर त्यांच्याकडे आलेलं पक्षाध्यक्षपद त्यांनी सोडलं. वयाच्या पासष्टीत निवडणुकीचं राजकारण संपलं. ना राज्यसभेची खटपट, ना राज्यपालपदाची आशा. हातात उरलं ते 'फ्रीडम फर्स्ट' हे १९५२ पासून चालणारं छोटं मासिक, आणि 'पर्सोनेल अँड प्रॉडक्टिव्हिटी सर्व्हिसेस' ही व्यवस्थापन सल्लागार संस्था. माणसं आणि उत्पादकता, एवढंच नावात. परवाना मिळवून देणं या संस्थेच्या कामात येण्याचा प्रश्नच नव्हता. दिल्लीतलं सरकार ज्याच्यावर खार खाऊन होतं तो माणूस कोणाचं लायसन्स काढणार? कारखान्यात माणसं कशी वागवावीत, काम कसं नीट व्हावं, हे तो सांगू शकत होता. स्वतंत्र पक्षाची कचेरी सांभाळलेले एस. व्ही. राजूही त्याच संस्थेत काम करू लागले.

पडेल खासदाराच्या या कचेरीतून पुढची मोठी लढाई झाली हे मला फार आवडतं. आणीबाणीत प्रत्येक अंकाचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे. 'फ्रीडम फर्स्ट'च्या ऑगस्ट १९७५च्या अंकातला मजकूर मसानींनी नेऊन दिला. सेन्सॉर अधिकारी बिनोद राव यांनी त्यातल्या अकरा गोष्टी छापायला मनाई केली. देशातली मोठमोठी वृत्तपत्रं तेव्हा मुकाट्याने जागा भरत होती. काही हजारांच्या आतबाहेर खपणाऱ्या मासिकाचा सत्तरीतला संपादक उच्च न्यायालयात गेला. त्याच्या बाजूने सोली सोराबजी उभे राहिले. न्यायालयाने सेन्सॉरचा हुकूम रद्द केला. सरकार अपिलात गेलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. डी. पी. मदन आणि न्या. कानिया यांनीही मसानींचीच बाजू उचलून धरली: टीका आणि मतभेद हे आणीबाणीतही बेकायदा ठरत नाहीत, सगळ्या नियतकालिकांना एका सुरात गायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे. त्या दोन वर्षांत न्यायालयांकडून जे थोडं धाडस दिसलं त्यातलं हे एक. मुक्त बाजारपेठेचा पुरस्कर्ता फक्त नफ्याचं बोलतो असा समज असणाऱ्यांनी हा खटला वाचावा. मसानींच्या लेखी छापण्याचा परवाना आणि स्कूटरचा परवाना यांत फरक नव्हता.

जनता सरकारने १९७८ मध्ये त्यांना अल्पसंख्याक आयोगाचे पहिले अध्यक्ष केलं. काही महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली, तेव्हा लोक हसले. 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला, सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली २०१८ मध्ये. मसानी २७ मे १९९८ रोजी गेले. १९९१ मध्ये औद्योगिक परवाने उठले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. उठवलं कोणी, तर काँग्रेसच्या सरकारने.

आता चाकण. संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली बर्नची नोकरी सोडून शरद जोशी आले आणि १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. चाकणच्या कांद्याच्या भावावरून सुरू झालेलं आंदोलन आणि शेतकरी संघटना हा इतिहास मी पुन्हा सांगत नाही. १९९४ मध्ये त्यांनी पक्ष काढला तेव्हा नाव ठेवलं स्वतंत्र भारत पक्ष. नाव मुद्दाम ठेवलेलं. मुंबईच्या बॅरिस्टराला जे साधलं नाही ते आंबेठाणच्या शेतकऱ्याने केलं: बाजाराच्या स्वातंत्र्याची मागणी गावातल्या माणसाच्या तोंडी आणली. भांडवलदारांचं म्हणून हिणवलेलं तत्त्व एकाएकी बैलगाडीतून महामार्गावर उतरलं.

आणि त्याच चाकणच्या आजूबाजूला एमआयडीसीचे टप्पे एकामागून एक पडत गेले. बजाज आली, मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, आंबेठाण या नावांनी आता टेम्पोचालकांना रस्ता सांगतात. जमीन घेतली गेली ती सक्तीच्या संपादनाने. संसदेत १९६४ मध्ये सतराव्या घटनादुरुस्तीवर बोलताना मसानी आणि त्यांचे सहकारी मालमत्तेच्या हक्कासाठी भांडले, तेव्हा त्यांना जमीनदारांचे कैवारी म्हटलं गेलं. मूलभूत हक्कांच्या यादीतून मालमत्ता १९७८ मध्ये वगळली गेली. त्या हक्काची गरज खरं तर कोणाला होती, हे चाकणच्या दोन-तीन एकरवाल्याला विचारावं. मोठ्याला वकील मिळतो. ज्याचं नाव सातबाऱ्यावर इतर हक्कात असतं त्याला नोटीस मिळते. पण मग, एमआयडीसीच्या त्या सक्तीशिवाय आज इथे दिसणारा एवढा रोजगार उभा राहिला असता का? मसानींच्या पुस्तकांत याचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. जोशींच्या लेखनात थोडं सापडतं, पुरेसं नाही.

आता स्वतंत्र पक्षाचं पुढे काय झालं ते. १९८९ पासून निवडणूक आयोगाकडे नोंदणी करायची तर प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा जाहीर करावी लागते. स्वतंत्र पक्ष १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन झाला तेव्हा महाराष्ट्राच्या शाखेने जायला नकार दिला होता. जिथे पक्षाला कधी मतं पडली नाहीत तिथेच त्याचं नाव शिल्लक राहिलं. खोटी शपथ घ्यायची नाही आणि पक्ष नोंदवायचा, या दोन गोष्टी एकत्र बसत नव्हत्या. म्हणून १९९६ मध्ये एस. व्ही. राजू आणि एल. आर. संपत मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्याऐवजी कचेरीत बसून शपथपत्रावर मुकाट सही करणं कितीतरी स्वस्त पडलं असतं, आणि सगळे पक्ष, उद्योगस्नेही म्हणवणारे धरून, तेच करत आले आहेत. राजू आणि शरद जोशी दोघेही २०१५ मध्ये गेले.

पुनावळ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. महापालिकेने इथल्या वन विभागाच्या जमिनीवर कचरा डेपोचं आरक्षण टाकलं होतं. आजूबाजूला टॉवर उभे राहत गेले, फ्लॅट विकले जात राहिले, आणि २०२३ मध्ये डेपो प्रत्यक्षात येतोय अशी चिन्हं दिसताच गाववाले आणि सोसायट्यांतले नवे रहिवासी एकत्र रस्त्यावर आले. गावकी आणि आयटीवाले एकमेकांशी एरवी पार्किंगवरूनच बोलतात. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात उद्योगमंत्री उदय सामंत यांनी प्रकल्प रद्द झाल्याचं सांगितलं. आनंद झाला, फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी चौकात आभाराचे फ्लेक्स लागले. कोणाच्या प्रयत्नांमुळे हे घडलं याबद्दल प्रत्येक फ्लेक्सवर वेगळं नाव होतं. मोर्च्यात चाललेल्यांचं कुठेच नव्हतं.

पुढच्या वर्षी, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि स्टेट बँकेला देणाऱ्यांची यादी निवडणूक आयोगाकडे द्यायला आणि आयोगाला ती जाहीर करायला लावली. कोणत्या कंपनीने किती दिले, कोणाला दिले, कधी दिले, हे लोकांना पहिल्यांदाच एकत्र वाचता आलं. छागलांच्या निकालाला तोवर ६७ वर्षं झाली होती. यादीतल्या एकाही देणगीदाराने आधी पत्र लिहून, तुमच्या विरोधकालाही देतो आहे, असं पंतप्रधानांना कळवल्याचं अजून तरी वाचनात आलेलं नाही.